गोव्यात लग्न ठरवताना आधी यादी, मग किनारा

पत्र : मी २८ वर्षांची असून पुण्यात नोकरी करते. माझा होणारा नवरा बेंगळुरूला असतो आणि त्याचे आईवडील सांगलीला राहतात. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात उत्तर गोव्यात आश्वे-मांद्रेच्या किनाऱ्यावर लग्न करावे, असे आम्हा दोघांच्या मनात आहे. पाहुणे दीडशे असावेत आणि मधुचंद्र धरून एकूण खर्च २५ लाखांच्या आत बसावा, अशी इच्छा आहे. बाबा निवृत्त शिक्षक आहेत. त्यांच्या यादीत चारशे नावे आहेत आणि ‘एवढ्या लांब कोण येणार?’ असे म्हणून ते गप्प होतात. आजी ८४ वर्षांची आहे, तिचे गुडघे दुखतात. सासूबाईंचे म्हणणे असे की, लग्नाचा खर्च मुलीकडच्यांनीच करायचा असतो. आम्ही लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी बालीला निघणार आहोत. लग्नाचे नियोजन करणारी कंपनी आठवड्याभरात निम्मी रक्कम आगाऊ मागते आहे. आम्ही काय करावे?
– एक वाचक, पुणे

सप्रेम नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्याला मुदत आहे. नियोजन करणाऱ्या कंपनीला या आठवड्यात निम्मी रक्कम देऊ नका. त्यांच्या हेतूविषयी मला शंका घ्यायची नाही. डिसेंबरात गोव्यातल्या चांगल्या जागा लवकर भरतात, हे त्यांचे म्हणणे खरेच आहे. परंतु तुमच्या हातात आज पाहुण्यांचा आकडा नाही. तुमच्या मनात दीडशे आहेत, बाबांच्या वहीत चारशे आहेत आणि सांगलीकरांची यादी तर पत्रात आलेलीच नाही. आकडा ठरल्याशिवाय खोल्या ठरत नाहीत, खोल्या ठरल्याशिवाय जागा ठरत नाही, आणि या दोन्ही गोष्टी ठरण्याआधी दिलेली मोठी रक्कम पुढच्या प्रत्येक बोलण्यात तुमचेच हात बांधून ठेवते. एखादी जागा अगदीच मनात भरली असेल, तर तारीख राखून ठेवण्यापुरती लहान रक्कम थेट हॉटेलच्या खात्यात भरा, पावती घ्या आणि ती कोणत्या तारखेपर्यंत परत मिळू शकेल हे ईमेलवर लिहून घ्या.

आपल्याच गावात कार्यालय घेऊन लग्न केले की यजमानपण फार तर दोन जेवणांचे असते. पाहुणे आपापल्या घरून येतात, अक्षता टाकतात, जेवतात, भेटीगाठी होतात आणि संध्याकाळी ज्याचा तो घरी परततो. चारसाडेचारशे किलोमीटरवर बोलावले, की तो माणूस घराला कुलूप लावल्यापासून परत येऊन ते उघडेपर्यंत तुमचा पाहुणा असतो. त्याची गाडी उशिरा आली, त्याला पथ्याचे जेवण हवे असले, रात्री त्याच्या छातीत दुखू लागले, तर धावायचे तुम्हीच. म्हणून अशा लग्नात किनारा आधी निवडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांचे तीन दिवस आपण मनापासून सांभाळू शकू अशी माणसे किती आहेत, हे आधी ठरवावे आणि मग त्या संख्येला पुरेल अशी जागा शोधावी. तुमच्या पत्रातल्या बहुतेक अडचणी हा क्रम उलटा झाल्यामुळे उभ्या राहिल्या आहेत, आणि तो सुलटा करायला अजून वेळ आहे.

आता २५ लाखांचा हिशेब मांडून पाहू. दीडशे पाहुणे, एका खोलीत दोघे, म्हणजे ७५ खोल्या. दोन रात्रींचा मुक्काम आणि एका खोलीचे एका रात्रीचे भाडे ८,००० रुपये धरले, तर १२ लाख होतात. भाडे ७,५०० रुपयांच्या वर गेले की त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, त्यामुळे ही रक्कम १४ लाख १६ हजारांवर जाते. हेच भाडे ७,००० असते, तर २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या दराप्रमाणे ५ टक्केच कर लागला असता आणि रक्कम ११ लाख २,५०० वर थांबली असती. भाड्यात फरक हजाराचा, बिलात तीन लाखांहून अधिकचा! त्यातच ज्या हॉटेलने आदल्या आर्थिक वर्षात ७,५०० रुपयांहून महाग खोल्या दिलेल्या असतात, तिथल्या जेवणावरही १८ टक्के कर पडतो. ताटाचा दर दीड हजार धरून चार वेळांच्या जेवणाचे नऊ लाख होतात, आणि कर त्याहून वेगळा. मुक्काम आणि जेवण एवढ्यातच २५ लाखांचा बहुतेक भाग संपला. मांडव, फुले, छायाचित्रकार, वाहने, गुरुजी, कपडे, दागिने आणि मधुचंद्र अजून बाकीच आहेत.

ऐंशी पाहुण्यांसाठी, ७,००० रुपयांची खोली धरून, हाच मुक्काम करासकट ५ लाख ८८ हजारांत होतो आणि जेवणाला कर सोडून ४ लाख ८० हजार लागतात. मी घेतलेले भाडे आणि ताटाचा दर केवळ हिशेबासाठी आहेत. तुमच्या हाती खरी दरपत्रके आली की ते आकडे घालून पाहा आणि प्रत्येक दरपत्रकात ‘कर वेगळे’ हे दोन शब्द कुठे लिहिले आहेत ते आधी शोधा. माझ्या अंदाजाने तुमच्या रकमेत ऐंशी ते नव्वद माणसे नीट बसतील. दीडशे बसवायची झाली तर एक तर बाबांच्या निवृत्तीच्या पैशाला हात लागेल किंवा वैयक्तिक कर्ज काढावे लागेल, आणि या दोन्ही गोष्टी करू नयेत. तीन दिवसांच्या समारंभाचे हप्ते संसाराच्या पहिल्या तीन वर्षांत फेडत बसणे नव्या जोडप्याच्या मनाला फार जड जाते.

बाबांचे गप्प होणे मला या साऱ्यात सर्वांत महत्त्वाचे वाटते. शिक्षकाच्या यादीतली चारशे नावे उगीच वाढलेली नसतात. ज्यांच्या मुलांच्या मुंजींना आणि लग्नांना ते आयुष्यभर जात आले, ते सहकारी, शेजारी, जुने विद्यार्थी त्या यादीत असणार. त्यांना आपल्या दारी बोलवावे, आपल्या हाताने वाढावे, ही त्यांची इच्छा आहे, आणि ‘कोण येणार?’ या प्रश्नात ती इच्छाच बोलते आहे. तिला ‘बाबा, हल्ली असेच करतात’ हे उत्तर पुरत नाही. सुदैवाने आपल्याकडे लग्न एका दिवसाचे कधीच नव्हते, आणि त्यातले बरेचसे घरीच व्हायचे असते. गोव्याला निघण्याच्या तीन-चार दिवस आधी पुण्यात घरी किंवा जवळच्या छोट्या कार्यालयात देवक, पुण्याहवाचन आणि ग्रहमख करून घ्या. चुडा भरण्याचा कार्यक्रम त्याच दिवशी ठेवा. ज्या नातेवाइकांना गोव्याला नेता येणार नाही, त्यांची केळवणे मोकळेपणाने स्वीकारा. ऑफिसमुळे वेळ नाही म्हणून ती टाळू नका, कारण त्या जेवणात ते तुमचे लग्न साजरे करतात. लग्नानंतरच्या आठवड्यात पुण्यात एक साधा स्वागत समारंभ ठेवा. तो रविवारी न ठेवता मधल्या वारी ठेवलात तर कार्यालय स्वस्तात मिळेल. त्याची यादी, जेवणाचा बेत आणि पाहुण्यांना बसवणे, सारे बाबांच्या हाती सोपवा, आणि त्याची रक्कम गोव्याच्या खर्चाच्या आधी बाजूला काढा. उरले तर करू, असे म्हटले की उरत काहीच नाही.

यासाठी निमंत्रणपत्रिका दोन वेगवेगळ्या हव्यात. गोव्याची पत्रिका फक्त गोव्याला येणाऱ्यांना द्यावी. बाकीच्यांना पुण्याच्या समारंभाची द्यावी आणि त्यात लग्न मोजक्या आप्तांच्या उपस्थितीत गोव्यात होत असल्याचे सरळ लिहावे. एकच पत्रिका व्हॉट्सअ‍ॅपवरून सर्वांना गेली की काही जण खोली गृहीत धरून तिकिटे काढतात आणि काही जण आपल्याला नुसतेच कळवले म्हणून दुखावतात.

आजींविषयी एकच विचारते. त्यांना यायचे आहे का, हे कोणी त्यांना समोर बसून विचारले आहे का? घरातली सगळी त्यांच्या वतीने ठरवत असतील तर आधी ते थांबवा. त्यांना यायचे असेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर त्यांना विमानानेच न्या. तिकीट काढतानाच चाकांची खुर्ची मागून ठेवा आणि त्यांची खोली तळमजल्यावर, विधी होणार तिथून चार पावलांवर घ्या. यायचे नसेल, तर देवकाच्या दिवशी त्यांचा मान त्यांना पुरेपूर मिळेल असे पाहा.

सासूबाईंच्या म्हणण्याला उत्तर तुम्ही देऊ नये. ते काम तुमच्या होणाऱ्या नवऱ्याचे आहे, आणि ते त्यांनी एकट्याने सांगलीला जाऊन, फोनवर नव्हे, करावे. किनाऱ्यावर लग्न करायची हौस दोघांची आहे, तेव्हा खर्चाचा पहिला वाटा तुम्हा दोघांच्या कमाईतून यावा. उरलेल्याची वाटणी मला अशी न्याय्य वाटते की, ज्या घराचे पाहुणे, त्यांच्या खोल्या आणि प्रवास त्या घराकडे. विधी, मांडव आणि जेवण निम्मे-निम्मे. पद्धतीचा आधार घेऊन संपूर्ण भार मुलीच्या वडिलांवर टाकणे मला मुळीच मान्य नाही, मग ते वडील कितीही सधन असोत. ही वाटणी ठरली की सांगलीची यादीही आपोआप विचारपूर्वक होईल, हा त्यातला दुसरा लाभ.

आता जागेविषयी. मोरजी, आश्वे, मांद्रे आणि दक्षिणेकडे आगोंद व गालजीबाग या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले जातीची समुद्रकासवे अंडी घालायला येतात. त्यांचा हंगाम नोव्हेंबरच्या सुमारास सुरू होतो आणि उन्हाळ्यापर्यंत चालतो, म्हणजे तुमची तारीख त्यात येते. मादी रात्रीच्या अंधारात वाळूत येते, आणि पुढे अंड्यांतून बाहेर पडलेली पिल्ले सर्वांत उजळ दिसणाऱ्या क्षितिजाकडे सरपटत जातात. एरवी ते क्षितिज समुद्राचे असते. किनाऱ्यावर दिव्यांच्या माळा आणि झोतदिवे लावले, की पिल्ले जमिनीकडे वळतात आणि वाळून मरतात. या पट्ट्यात वनखात्याची माणसे घरट्यांची राखण करतात आणि प्रकाशावर व आवाजावर बंधने असतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या ग्रामस्थांनी हेच काम किती जिव्हाळ्याने केले आहे, हे आपण महाराष्ट्रात पाहत आलो आहोत. तुमच्या आनंदाच्या दिवशी कोणाचेही असे नुकसान होऊ नये, म्हणून तुम्हाला आग्रहाने सांगते की वाळूवर रात्रीचा कार्यक्रम ठेवूच नका.

कायद्याचीही अडचण आहे. समुद्राच्या भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा किनारा नियमन क्षेत्रात येतो, त्यामुळे तिथे तात्पुरता मांडव घालायलाही परवानगी लागते. ‘परवानगीचे आमच्याकडे लागले’ हे कोणी तोंडी सांगितले तरी तुमच्या तारखेच्या परवानगीची प्रत हातात आल्याशिवाय विश्वास ठेवू नका. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार उघड्या जागी रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक लावता येत नाही. तेव्हा संगीताचा कार्यक्रम उघड्यावर असेल तर तो संध्याकाळी सहालाच सुरू करा, नाहीतर बंद सभागृहात घ्या.

याशिवाय वाळूवरचे मराठी लग्न प्रत्यक्षात कसे होते, तेही डोळ्यांसमोर आणा. आपला मुहूर्त बहुधा सकाळी उशिरा किंवा दुपारच्या तोंडाला येतो. त्या वेळी वाळू अनवाणी पायांना चटके देऊ लागलेली असते आणि समुद्रावरचा वारा वाढू लागतो. दोन मामा अंतरपाट दोन्ही हातांनी घट्ट धरून उभे आहेत, तो शिडासारखा फुगून कधी नवऱ्याच्या तर कधी नवरीच्या तोंडावर येतो आहे, मंगलाष्टके लाटांच्या आवाजात मागच्या रांगेला ऐकू येत नाहीत आणि अक्षता वधूवरांवर पडण्याऐवजी बाजूच्या खुर्च्यांवर जाऊन पडत आहेत. लाजाहोमाच्या वेळी अग्नी टिकत नाही, आणि टिकवायला चारही बाजूंनी पत्रे लावले की समुद्र दिसत नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाला वाळूत पाऊल टाकणे कठीण, आणि चाकांची खुर्ची तर तिथे रुततेच. म्हणून विधी हॉटेलच्या आवारातल्या हिरवळीवर, भक्कम छताखाली करा, जिथून समुद्र दिसेल पण वारा अडेल. वाळूवर तुम्ही दोघे संध्याकाळी छायाचित्रांसाठी जा. सभागृहात होम करायचा असेल तर धुराच्या सूचकयंत्रांमुळे हॉटेल ऐनवेळी नकार देऊ शकते. ‘सभागृहात होमाला परवानगी आहे’ हे वाक्य करारातच घालून घ्या. जागा पाहायला जाल तेव्हा तुमच्या मुहूर्ताच्याच वेळी तिथे अर्धा तास उभे राहा.

समुद्र नसला तरी चालेल असे पुढेमागे वाटले, तर फोंडा तालुक्याकडे पाहा. मंगेशी, शांतादुर्गा, नागेशी, रामनाथी ही देवस्थाने तिथेच आहेत, कित्येक मराठी घराण्यांची कुलदैवते त्यांत आहेत आणि देवस्थानांच्या अग्रशाळांतून भाविकांच्या उतरण्याची सोय असते. साधे, सोज्ज्वळ आणि कमी खर्चाचे लग्न करायला मला तो परिसर आवडतो. तारखेविषयी एवढेच की, तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात आणि डिसेंबरच्या मध्यावर धनुर्मास लागला की काही घरे लग्न करत नाहीत. त्यामुळे तुमच्या पंधरवड्यात गर्दी असणारच. तरीही तारीख २० डिसेंबरच्या पुढे ढकलू नका. नाताळ आणि नववर्षाच्या सुमारास गोव्यातले दर कुठल्या कुठे जातात.

पाहुणे नेण्याच्या बाबतीत बऱ्याच जणांची फसगत होते ती ‘गोवा’ या एका नावामुळे. राज्य लहान आहे, पण विमानतळ दोन आहेत. मोपा उत्तरेला पेडणे तालुक्यात आहे आणि आश्वे-मांद्रेला जवळ पडतो. दाबोळीहून तुम्हाला मांडवी ओलांडून बरेच वर यावे लागेल. रेल्वेचेही तसेच आहे. मुंबईहून कोकण रेल्वेने येणाऱ्यांनी थिवी किंवा पेडण्याला उतरावे. पुणे आणि मिरजेहून येणारी गोवा एक्सप्रेस मात्र लोंढ्यावरून घाट उतरून मडगावला जाते आणि तिथून मांद्रे साठ-पासष्ट किलोमीटर आहे. सांगलीकरांना ही गाडी सोयीची, पण पुढची बस तुम्ही ठरवलेली नसेल तर भल्या सकाळी तीस माणसे सामानासह टॅक्सीवाल्यांशी भाव करत उभी राहतील. आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते : रात्रीच्या गाड्या सकाळी पोहोचतात आणि हॉटेलच्या खोल्या दुपारी दोनला मिळतात. सकाळी आलेल्या ज्येष्ठांसाठी चार-पाच खोल्या आदल्या रात्रीपासूनच घेऊन ठेवा. रेल्वेचे आरक्षण आता ६० दिवस आधी खुले होते, तेव्हा तो दिवस दिनदर्शिकेवर लिहा आणि घरातल्या एका तरुण नातेवाइकाकडे हे काम सोपवा.

सामानाची पेटी गुरुजींकडून यादी घेऊन पुण्यातच भरा. अंतरपाट, मुंडावळ्या, सुपाऱ्या, हळकुंडे, चौरंग, पाट, समया यांतले ऐनवेळी परक्या गावात काय मिळेल याचा भरवसा नसतो. ही पेटी बसने किंवा गाडीने पाठवा. ओटीसाठी लागणाऱ्या सुक्या खोबऱ्याच्या वाट्या आणि आरतीचा कापूर हे ज्वालाग्राही म्हणून विमानात नेऊ देत नाहीत, आणि तुपाचा डबा हातातल्या पिशवीत असेल तर तोही अडतो.

विवाहनोंदणीविषयी तुम्ही काहीच लिहिलेले नाही, म्हणून मीच सांगते. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेवर आधारलेला कायदा चालतो आणि तिथली नोंदणी दोन टप्प्यांची असते. बाहेरून दोन-तीन दिवसांसाठी येणाऱ्या जोडप्याला ती सोयीची नाही. तुम्ही पुण्यात राहता, त्यामुळे १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली पुण्यातच नोंदणी विवाह करून घ्या, असे मी सुचवेन. त्यासाठी दोघांपैकी एकाने नोटिशीआधी किमान ३० दिवस त्या जिल्ह्यात वास्तव्य केलेले असावे लागते. नोटीस दिल्यावर ३० दिवस हरकतींसाठी जातात, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत तीन साक्षीदारांसमोर विवाह व्हावा लागतो. ऑक्टोबरच्या मध्यावर नोटीस दिलीत तर नोव्हेंबरच्या अखेरीस सही करून मोकळे व्हाल. कायद्याच्या दृष्टीने तुमच्या लग्नाची तारीख मग तीच राहील, हे दोन्ही घरच्या मोठ्यांना आधी समजावून सांगा. साक्षीदारांत बाबांना घ्या.

करारावर सही करताना पैसे तीन-चार टप्प्यांत द्यायचे ठरवा आणि शेवटचा टप्पा कार्य पार पडल्यावर ठेवा. खोल्यांची संख्या अमुक तारखेपर्यंत दंडाशिवाय कमी करता येईल, घरात काही अशुभ घडले तर तारीख पुढे नेता येईल, वीज गेली तर जनित्राचा खर्च कोणाचा, हे सारे लिहून घ्या. लग्नसमारंभात वाजणाऱ्या संगीताला स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे. तरीही हॉटेल परवान्याचे पैसे मागणार असेल तर ते आताच कळू द्या.

राहिला मधुचंद्र. दुसऱ्या दिवशी सकाळी निघू नका. तुमच्यासाठी आलेली माणसे नाश्त्याला बसलेली असताना यजमानच निघून गेले तर त्यांना ओकेबोके वाटेल, आणि मागची सगळी आवराआवर, हिशेब, निरोप आईबाबांच्या गळ्यात पडेल. शिवाय सांगलीला गृहप्रवेश, सत्यनारायण आणि कुलदैवताचे दर्शन व्हायचे असेल. ते न करता तुम्ही परदेशी गेलात तर ती खंत सासूबाई बोलून दाखवणार नाहीत कदाचित, पण धरून ठेवतील. शरीरालाही विश्रांती हवी असते. चार दिवस जागरणे झाल्यावर विमानतळावर रांगा लावण्यात सहवासाचे सुख नाही.

त्यातून बाली विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे. तिथला पावसाळा साधारण नोव्हेंबर ते मार्च असतो, म्हणजे तुम्ही जाल ते ऐन पावसात. बालीचाच आग्रह असेल तर पुढच्या जून-जुलैत जा. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून अधिक उरलेली आहे ना ते पाहा आणि तिकीट पासपोर्टवरच्या नावानेच काढा, लग्नानंतरच्या नावाने नव्हे. सहलकंपनी परदेशी सहलीवर जो टीसीएस, म्हणजे बिलाबरोबरच आगाऊ वसूल केला जाणारा प्राप्तिकर घेते, तो विवरणपत्र भरताना तुमच्या करातून वळता होतो. पावती ज्याच्या पॅनवर असेल त्यालाच तो मिळतो, हेही लक्षात ठेवा.

मला विचाराल तर तुम्ही दोघांनी मकर संक्रांतीनंतर अंदमानला जावे. पहिली संक्रांत सांगलीला करा. काळी साडी आणि हलव्याचे दागिने यांचे कौतुक सासरी व्हायला हवे, आणि बाली पुढे ढकलल्याची भरपाई त्या एका दिवसात होईल. जानेवारीच्या उत्तरार्धात अंदमानात हवा कोरडी असते, समुद्र बहुधा शांत असतो आणि नाताळचे दर उतरलेले असतात. फक्त प्रजासत्ताक दिनाच्या सुट्ट्या टाळा. मधुचंद्राचे पैसे लग्नाच्या रकमेतून काढू नका. दोघांनी आजपासून पगारातून वेगळे साठवा, म्हणजे तिथे कुठे राहायचे आणि काय खायचे यावर कोणाचेच मत घ्यावे लागणार नाही.

सहा रात्री पुरेत. पोर्ट ब्लेअरचे, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमचे, सेल्युलर जेल पहिल्या दिवशी पाहा. सावरकरांची कोठडी पाहण्याची ओढ मराठी माणसाला असतेच, आणि ती घाईत पाहू नये. नंतर तीन रात्री स्वराज द्वीपला (पूर्वीचे हॅवलॉक बेट) राहा आणि एक शहीद द्वीपला (पूर्वीचे नील बेट). भारतीय प्रमाणवेळ आणि बेटांचे पूर्वेकडचे स्थान यांमुळे तिथे हिवाळ्यात पाच-साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा स्वराज द्वीपच्या राधानगर किनाऱ्यावर साडेतीनलाच पोहोचा. समुद्रात खोल बुडी मारणार असाल तर ती सहलीच्या सुरुवातीच्या दिवसांत मारा. बुडी आणि विमानप्रवास यांत किमान १८ तासांचे अंतर लागते. पूर्ण दिवस सोडलात तर उत्तम. बेटांमधल्या बोटी समुद्र खवळला की रद्द होतात, म्हणून परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत श्री विजयपुरमला येऊन मुक्काम करा आणि ही शेवटची रात्र आरक्षण करतानाच धरा.